वाचक विचारतात : लाहौल-स्पीतीत माणसे एवढी कमी का?

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पीती जिल्ह्याबद्दल मागच्या अंकात दोन पाने लिहिली, तेव्हापासून पत्रे येत आहेत. सीमा सडक संघटनेच्या नोकरीत माझा मोठा काळ लाहौलमधले केलाँग, म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय, आणि स्पीतीतले काझा या दोन ठिकाणी रस्त्यांच्या कामावर गेला. त्यामुळे खालची उत्तरे रस्त्यावर उभे राहून जिल्हा पाहिलेल्या माणसाची आहेत, हे वाचताना लक्षात असू द्यावे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

नकाशावर हा हिमाचलचा सर्वांत मोठा जिल्हा दिसतो. मग लोकसंख्या आमच्या तालुक्याच्या गावाएवढी कशी? थंडीमुळे माणसे राहत नाहीत का?
(एक शिक्षिका, गडहिंग्लज)

बाई, आधी आकडे पाहू. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत माणसे ३१,५६४. आपल्याकडे सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा गडचिरोली. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास एवढेच, पण लोक पावणेअकरा लाखांच्या घरात. गडचिरोलीत चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे, इथे दोन. शिवाय २००१ मध्ये ३३,२२४ लोक होते, ते दहा वर्षांत कमी झाले.

थंडी हे अर्धे उत्तरही नाही. काझ्याला जानेवारीत पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश जातो. तरी लोक हजार-दीड हजार वर्षे तिथे राहतातच. खरे उत्तर पाण्यात आहे. दक्षिणेला पीर पंजालची रांग आडवी उभी आहे. मोसमी ढग कुलू-मनालीच्या बाजूला रिते होतात आणि पलीकडे कोरडे वारे तेवढे पोहोचतात. मनालीत छत्री मिटवून रोहतांगची खिंड ओलांडली की तासाभरात डोंगरावर गवताची काडी दिसेनाशी होते, स्पीतीत तर पाऊस आणखी कमी. आकाशातून जे काही मिळते ते हिवाळ्यात, बर्फाच्या रूपाने. त्या बर्फाचे आणि हिमनद्यांचे पाणी उन्हाळ्यात वितळून येते, त्यावरच शेत, जनावर आणि माणूस जगतो.

नदी खाली खोल दरीत वाहते, तिचे पाणी वर शेतात चढवता येत नाही. म्हणून गावकरी वरच्या नाल्याला, थेट हिमनदीच्या पायथ्याशी बांध घालतात आणि डोंगराच्या कुशीतून मैलोन्‌मैल पाट काढत आणतात. तिथे या पाटाला कूल म्हणतात. काही ठिकाणी रात्रीचे पाणी गावाच्या डोक्यावरच्या तळ्यात साठवून सकाळी सोडतात. कूल जिथवर पोहोचते तिथवर हिरवे, त्याच्या पुढे हातभरही नाही. लाहौलकडून कुंझुम खिंडीवरून स्पीतीत उतरताना लांबून पाहिले तर हिरवा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ती रेघ स्पष्ट दिसते. एका कुलीत जेवढे पाणी तेवढीच शेते, जेवढी शेते तेवढीच चुलाणी. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि स्पीतीच्या बऱ्याच गावांत पाण्यावर पहिला हक्क मूळच्या मोठ्या घरांचा असतो. बाकीच्यांना त्यांची पाळी झाल्यावर किंवा त्यांच्याकडून मागून घ्यावे लागते.

एकदा रस्ता रुंद करायच्या आमच्या आराखड्यात अशीच एक कूल आडवी येत होती. डोझर यायच्या आधी अख्खे गाव येऊन उभे राहिले. काम थांबवा असे कोणी म्हणाले नाही. म्हणणे एवढेच की आधी कुलीसाठी दगडी मोरी बांधा, ती पाण्याने तपासून द्या, मग हवे तेवढे खोदा. जून सुरू होता. त्या दिवसांत पंधरवडाभर पाणी तुटले तर वर्षाचे पीक जाते. आम्ही मोरी आधी बांधली. पुढे त्या भागात कुठेही आखणी करायची झाली की कुली कुठून जातात ते मी प्रथम गावाला विचारायचो.

म्हणून माझे सांगणे असे की हा जिल्हा रिकामा नाही. जेवढे पाणी आहे त्या हिशेबाने तो भरलेला आहे. मैदानातून नव्याने आलेले अधिकारी उघडे पठार पाहून इथे वसाहत का होत नाही, झाडे का लावत नाहीत असे विचारायचे. त्या प्रत्येक पठाराचे उत्तर वर कुठेतरी एखाद्या बारीक नाल्यात असते.

लाहौल आणि स्पीती हे एकच आहे की दोन? यूट्यूबवर सगळे एकत्रच दाखवतात.
(एक वाचक, डोंबिवली)

जिल्हा एक, मुलूख दोन. पूर्वी लाहौल आणि स्पीती पंजाबातल्या कांगडा जिल्ह्याचे भाग होते. १९६० मध्ये दोन्ही मिळून वेगळा जिल्हा केला आणि १ नोव्हेंबर १९६६ रोजी तो हिमाचलमध्ये आला. मधे कुंझुम खिंड आहे, साडेचार हजार मीटरच्या वर. ती नोव्हेंबरच्या सुमारास बर्फाने मिटते आणि मे-जूनपर्यंत उघडत नाही. उन्हाळ्यात केलाँगहून काझा एकशेनव्वद किलोमीटरच्या आसपास. हिवाळ्यात त्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात जायचे तर काझ्याच्या माणसाने किन्नौर, शिमला, मंडी, कुलू, मनाली असा सातशे किलोमीटरच्या वर वळसा घालायचा. म्हणूनच काझ्याला वेगळा अतिरिक्त उपायुक्त बसतो आणि बहुतेक खात्यांची कामे तिथल्या तिथे होतात.

लाहौलमध्ये बर्फ खूप पडतो, त्यामुळे पाणी जरा बरे, विलोची झाडे बरी, शेती बरी. स्पीती उंच, कोरडी, मातीच्या रंगाची. स्पीतीत भोटी बोलतात आणि जवळजवळ सगळे बौद्ध. लाहौलमध्ये पट्टनी, तिनान, गाहरी, तोद अशा बोली खोऱ्या-खोऱ्याने बदलतात. एका खोऱ्याची बोली दुसऱ्याला कळत नाही, मग हिंदीत बोलतात. त्यातच चिनाली बोलणारी थोडी घरे आहेत आणि ती बोली मात्र मराठीच्याच कुळातली. धर्माचेही तसेच. त्रिलोकनाथच्या देवळात एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून हात जोडतात. जत्रेत दोघे एकाच रांगेत असतात आणि कोणाला त्यात वेगळे काही वाटत नाही.

पाण्याची वाट सांगितल्याशिवाय हे उत्तर मला पुरे करवत नाही. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावतात. एक आग्नेयेला जाऊन मोठे वळण घेते, दुसरी नैऋत्येला थेट उतरते आणि तांदी गावाशी दोघी भेटतात. तिथून पुढे ती चंद्रभागा, म्हणजे चिनाब. पंढरपूरला चंद्रभागेत उतरलेल्या माणसाने या नावाची हिमालयातली नदी तांदीच्या पुलावरून एकदा पाहावी असे मला फार वाटते. कुंझुमच्या पश्चिम उतारावरचा बर्फ चंद्रेला मिळतो, पूर्व उतारावरचा स्पीती नदीला. स्पीती किन्नौरमध्ये खाब इथे सतलजला मिळते. खिंडीवर वेगळे झालेले हे दोन ओघ शेकडो किलोमीटर फिरून पाकिस्तानात पंजनदला, चिनाब आणि सतलजच्या संगमावर, पुन्हा एकत्र येतात.

मी भाजीपाला पिकवतो. वर्षातले सहा महिने जमीन बर्फाखाली असेल तर तिथला शेतकरी जगतो कशावर? आमच्याकडे पाटपाण्याची फड पद्धत होती, तसे काही तिथे आहे का?
(एक शेतकरी, साक्री, जि. धुळे)

दादा, तुम्ही फडाचे नाव काढले ते बरे झाले. पांझरा नदीवरच्या फडात पाटकरी पाणी सोडतो, पाळी ठरलेली असते, बंधाऱ्याची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची असते. हे तिथल्या माणसाला सांगितले तर त्याला एक अक्षर समजावून द्यावे लागणार नाही. वसंतात कूल साफ करायला प्रत्येक घरातून माणूस गेलाच पाहिजे. नाही गेला तर दंड.

पीक वर्षातून एकच. मार्च-एप्रिलमध्ये शेतावर बर्फ असतानाच लोक घरातली साठवलेली काळी माती त्यावर पसरतात. काळ्या मातीवर ऊन धरते, बर्फ लवकर वितळतो, पेरणीला काही दिवस जास्त मिळतात. त्या देशात काही दिवस म्हणजे पीक हाती येणे किंवा न येणे.

जुने पीक सातू, काळा वाटाणा आणि लाहौलमध्ये कुट्टू. सातू भाजून दळायचा आणि चहात किंवा ताकात कालवून खायचा. त्यावर पिढ्या गेल्या. बटाटा आला तो मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर, १८५० च्या दशकात ते केलाँगला येऊन राहिले तेव्हा. पुढे लाहौलचा बियाण्याचा बटाटा देशभर नावाजला. कारण तुम्हाला लगेच कळेल : एवढ्या उंचीवर मावा ही कीड फारशी जगत नाही आणि मावा नसला की बटाट्याचे विषाणूरोगही पसरत नाहीत. १९६६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी बटाटा उत्पादकांची सहकारी संस्था काढली आणि दलालांशिवाय माल विकायला सुरुवात केली. त्याआधी १९२० च्या दशकापासून लाहौलमध्ये कुठ नावाच्या औषधी मुळाची लागवड होत होती. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात उपळेट मिळते तेच हे. त्याच्या पैशांवर कित्येक घरांतली पहिली मुले शिकली.

आता पैसा हिरव्या वाटाण्यात आणि फ्लॉवरमध्ये आहे. आपल्याकडे मटार थंडीत येतो. स्पीतीचा मटार जुलै-ऑगस्टमध्ये तयार होतो, जेव्हा मैदानात कुठेच नसतो. व्यापाऱ्याचा ट्रक थेट शेताच्या बांधाशी उभा राहतो. तोडणीच्या दिवसांत शाळकरी मुलापासून म्हातारीपर्यंत सगळे रानात असतात, सरकारी कचेरीत माणूस सापडत नाही. अडचण एकच, रस्ता. दरड कोसळून तीन दिवस रस्ता बंद राहिला तर पोत्यातला मटार पिवळा पडतो. त्या दिवसांत आम्हाला जेवणाची सुट्टी नसे आणि ती आम्ही मागितलीही नाही.

खताचेही सांगतो. स्पीतीतल्या जुन्या घरात संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर भोक, खाली बंद खोली, वापर झाला की राख, माती किंवा वाळलेले शेण टाकायचे. वर्षभर कुजून ते वसंतात शेतात जाते. पाणी लागत नाही, वास येत नाही, खत मिळते. त्या उंचीवर माणसाने शोधलेल्या वस्तूंत मी हिला फार वरचे स्थान देतो.

लांगझा गावात समुद्रातले शंख सापडतात म्हणतात. खरं आहे का? एवढ्या उंचावर समुद्र कसा?
(इयत्ता आठवीतली विद्यार्थिनी, ठाणे)

बाळा, अगदी खरे आहे. आज जिथे हिमालय आहे तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला, तेव्हा त्या समुद्राच्या तळाचा गाळ दबून, घड्या पडून वर उचलला गेला. काझ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या लांगझाच्या काळ्या शेल खडकात अ‍ॅमोनाइट नावाच्या प्राण्यांचे गोल, वळ्यावळ्यांचे अवशेष मिळतात. तो प्राणी आजच्या माकुलाच्या दूरच्या नात्यातला. हे खडक ज्युरासिक काळातले आहेत आणि भूशास्त्रात त्यांना जगभर 'स्पीती शेल' याच नावाने ओळखतात. फर्डिनांड स्तोलिच्का या भूशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात इथे फिरून त्यांच्यावर काम केले. पुढे १८७४ मध्ये लडाखच्या वाटेवर उंचीच्या आजाराने तो वारला.

तुझ्या आजीच्या देवघरात शाळिग्राम असेल तर तो बघ. नेपाळात गंडकी नदीत मिळणारा शाळिग्राम याच जातीच्या खडकातला, त्यात असाच अ‍ॅमोनाइट असतो. लांगझाला गेलीस तर शंख पाहा, हातात घे, चित्र काढ आणि परत ठेव. गावातली मुले विकायला आणतील, ते घेऊ नकोस. प्रत्येक जण एक घेऊन गेला तर तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीला काय दिसणार?

थोरल्या मुलालाच सगळी जमीन मिळते असे तुम्ही मागच्या लेखात लिहिले होते. मग धाकट्यांचे काय? आणि मुलींचे?
(एक वकील, पुणे)

स्पीतीची जुनी रीत अशी. घराचे दोन भाग : मोठे घर, खांगछेन, आणि धाकटे घर, खांगछुंग. थोरल्याचे लग्न झाले की मोठे घर, शेत आणि पाण्याचा हक्क त्याच्याकडे जातो. आईवडील धाकट्या घरात राहायला जातात, चरितार्थापुरते शेत आपल्याकडे ठेवतात. धाकटे मुलगे लहानपणीच गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, लामा व्हायचे. कीची, ढंकरची, ताबोची गोंपा अशा धाकट्यांनी भरलेली असत. थोरला निपुत्रिक वारला तर धाकटा चीवर उतरवून घरी येई आणि घर चालवी. लाहौलमध्ये दुसरी वाट होती : सगळ्या भावांत मिळून एक बायको. ती चाल आता जवळजवळ गेली. बाहेरच्या लोकांना हे ऐकून कुतूहल वाटते. माझ्या मते याची मुळे पाण्यात आहेत. एका कुलीवरचे शेत चार भावांत वाटले तर चौघेही उपाशी राहतील, म्हणून शेताचे तुकडे न होऊ देणे ही त्या समाजाची पहिली गरज ठरली.

पण या व्यवस्थेची किंमत बायकांनी सर्वांत जास्त दिली, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. वडिलोपार्जित जमिनीत चालीरीतीप्रमाणे मुलीला वाटा नाही. न लग्न झालेली मुलगी एक तर चोमो, म्हणजे भिक्षुणी, होई नाहीतर भावाच्या घरी आयुष्यभर राबे. खुरपणी, पाणी देणे, कापणी, जनावरे, लोकर, सगळे बायकांच्या हातचे. कुलीवर रात्रीच्या पाळीला टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या बायका मी किती पाहिल्या. ज्या शेताला त्या पाणी देतात ते त्यांच्या नावावर नसते. आता त्या भागातल्या बायका हक्क मागत आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. जमीन तुटू नये हा विचार समजतो, पण तिचा भार नेहमी मुलीनेच का उचलायचा? याच जिल्ह्याने १९७२ मध्ये लता ठाकूर यांना आणि २०२४ च्या पोटनिवडणुकीत अनुराधा राणा यांना विधानसभेत पाठवले. म्हणजे मत देताना जी अडचण वाटत नाही ती सातबारा लिहिताना का वाटावी?

अटल बोगद्याने तिथल्या लोकांचे भले झाले की वाटोळे? दोन्ही बाजूंनी वाचायला मिळते.
(एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

भले झाले. हे आधी ठामपणे लिहितो, कारण बोगदा नव्हता तेव्हाचा लाहौल मी पाहिला आहे. रोहतांग ३,९७८ मीटर. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेपर्यंत तो बंद झाला की लाहौलचे दार बंद. बाळंतपण अडले, अपेंडिक्स फुटले तरी सरकारी हेलिकॉप्टरची वाट पाहायची, आणि हेलिकॉप्टर हवामान निवळले तरच उडणार. तरुण मुले बर्फातून पायी खिंड ओलांडायची, काही पोहोचायची नाहीत. एप्रिलमध्ये आम्ही दोन्ही बाजूंनी बर्फ कापत यायचो. झारखंडच्या दुमक्याहून आलेले मजूर मशीनच्या पुढे सळई खुपसत रस्त्याचा मूळ कठडा शोधायचे. रस्ता जोडला गेला त्या दिवशी कोकसरच्या बायका चहाच्या किटल्या घेऊन बर्फात उभ्या असत.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून जाणारा ९.०२ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. तो खोदताना सेरी नाल्याखालचा सहाशे मीटरहून कमी लांबीचा भाग असा लागला की वरून पाणी आणि चिखल कोसळत राहिला आणि तेवढ्यासाठी वर्षे गेली. आज केलाँगचा रुग्ण जानेवारीतही कुलूला पोहोचतो. याच्याविरुद्ध कोणी कितीही लिहिले तरी ते माझ्या मनाला लागणार नाही.

पण बोगद्यातून गाड्याही आल्या. सिस्सू हे उत्तरेच्या तोंडाजवळचे छोटे गाव, तिथे बर्फ बघायला सुट्टीच्या दिवशी एवढी वाहने येतात की गावकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला वाट मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलमध्ये हालडा आणि फागलीचे दिवस असतात. हालड्याच्या रात्री पेटती मशाल घेऊन गावाबाहेर जायचे, फागलीला देवाची, घरच्यांची, शेजाऱ्यांची भेट घ्यायची. राजा घेपन या देवतेला त्या दिवसांत गोंगाट चालत नाही अशी श्रद्धा आहे. सिस्सूच्या परिसरातल्या गावांनी म्हणूनच या सणांच्या काळात पर्यटन बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. धंद्याचे नुकसान सोसून घेतला. मला या निर्णयाबद्दल फार आदर आहे.

आणि पुन्हा पाणी. काझ्यात आता हॉटेलांत फ्लशचे संडास आणि गरम पाण्याचे शॉवर लागतात. जे पाणी कुलीतून शेतात जायचे तेच नळात येते. वर छोटा शिग्री हिमनदीचे मोजमाप २००२ पासून चालू आहे आणि ती आटते आहे. खाली मागणी वाढते, वरचा साठा घटतो. पाहुणे किती घ्यायचे हा हिशेब हॉटेलच्या खोल्या मोजून होणार नाही. तो कुलीच्या तोंडाशी जाऊन, गावाला विचारून करावा लागेल, आणि तो अधिकार गावाकडेच राहिला पाहिजे. भागा नदीवरच्या जिस्पा धरणाला लाहौलच्या लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला, त्यामागेही हीच भीती होती.

हिवाळ्यात लोक दिवसभर करतात काय?
(एक वाचक, मडगाव)

घराच्या एका खोलीत लोखंडी शेगडी असते, तिला तंदूर म्हणतात. सगळे घर त्या खोलीत येते. सरकारी डेपोतून घेतलेले आणि छतावर रचून ठेवलेले लाकूड थोडे-थोडे जळते. बायका मोजे आणि हातमोजे विणतात. हे विणकाम मोरावियन मिशनऱ्यांच्या बायकांकडून लाहौलमध्ये रुजले असे मानतात आणि २०२१ मध्ये लाहौली मोज्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. पुरुष लोकर कातणे, दोर वळणे, छतावरचा बर्फ लाकडी फावड्याने ढकलणे ही कामे करतात. बर्फ वेळेवर ढकलला नाही तर मातीचे छत बसते. ज्यांना परवडते ती लाहौली घरे हिवाळ्यापुरती कुलूला जातात, तिथे त्यांनी जमिनी घेतल्या आहेत. स्पीतीतले बहुतेक लोक तिथेच राहतात.

माझे वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू आहे. स्पीतीला जाऊ का? मनालीवरून जावे की शिमल्यावरून?
(एक वाचक, सांगली. असाच प्रश्न नगर आणि बेळगावहूनही आला आहे.)

डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. त्यांनी होकार दिला तर जून अखेर ते सप्टेंबर या काळात आणि शिमल्याच्या बाजूने जा. शिमला, सराहन किंवा रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असे मुक्काम करत गेले की शरीर हळूहळू उंचीला सरावते. ताबोला एक पूर्ण दिवस द्या. इ.स. ९९६ मधले मातीचे मंदिर, आतल्या भिंतींवरची चित्रे. त्याला हिमालयातले अजिंठा म्हणतात आणि ज्याने आपले अजिंठा पाहिले आहे त्याने तर ते पाहायलाच हवे. मनालीहून थेट आले तर दोन हजार मीटरवरून एका दिवसात साडेचार हजारांवर चढणे होते, ते तरुणांनाही बाधते.

नाले ओलांडायचे असतील तर सकाळी लवकर निघा. दुपारी ऊन लागून बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी चारच्या सुमारास गाडीच्या बॉनेटला लागते. हवामानाचा इशारा असेल तर चंद्रताल या तळ्याकडे जाऊ नका. २०२३ च्या जुलैमध्ये तिथे अडीचशेच्या वर पर्यटक बर्फात अडकले होते. आंघोळ एक बादली. कोरडा संडास असलेले घरगुती मुक्काम मिळाले तर तेच घ्या, गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या.

काझ्याला पोहोचल्यावर पहिला दिवस फक्त विश्रांती. कीबर, लांगझा, कोमिक ही गावे आणखी उंच आहेत, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डोके दुखत राहिले, उलटी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे, ऑक्सिजन घ्या आणि खाली उतरा. उतरायचे ते ताबो, पिओच्या रस्त्याने. मनाली नकाशावर जवळ दिसते म्हणून रुग्णाला घेऊन कुंझुमकडे निघू नका, त्या वाटेने खाली जाण्याआधी आणखी नऊशे मीटर वर चढावे लागते.